घराची किंमत कर्जापेक्षा कमी, त्यात बँकरप्सी: यूकेमध्ये घर राहतं का?

"बँकरप्सी केली की घर गेलंच" हे यूकेमधल्या आपल्या लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की माणसं वर्षानुवर्षं क्रेडिट कार्डांचं मिनिमम पेमेंट भरत बसतात, एका कार्डावरून काढून दुसऱ्यात टाकतात, गावाकडून पैसे मागवतात, पण बँकरप्सीचं, म्हणजे कायदेशीर दिवाळखोरीचं, नाव काढत नाहीत. ज्या घरात भरपूर इक्विटी आहे, म्हणजे घरावरचं कर्ज (मॉर्गेज) वजा जाऊन भरपूर किंमत उरते, त्याच्या बाबतीत ही भीती खरी आहे. पण घराची किंमतच मॉर्गेजपेक्षा कमी असेल तर हिशोब पूर्ण उलटा होतो, आणि तो वेळेत समजला तर घर राखता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्याबद्दल आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे ऑफिसही वेगळं आणि नियमही वेगळे, त्यामुळे ग्लासगो-एडिनबराच्या मंडळींनी यावर विसंबून काही करू नका.

निगेटिव्ह इक्विटी म्हणजे घर आज विकलं तर येतील त्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही बँकेचे लागता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला किमती कोसळल्या तेव्हा या देशात दहा लाखांहून जास्त कुटुंबं अशी अडकली होती. मग २००८ आलं. त्याआधी नॉर्दर्न रॉक नावाची बँक घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत कर्ज देत होती, म्हणजे ९५ टक्क्यांपर्यंत मॉर्गेज आणि वर ३० टक्क्यांपर्यंत विनातारण कर्ज, त्यामुळे चावी हातात आली त्या दिवशीच माणूस पाण्याखाली. आणि २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर क्लॅडिंगचा, म्हणजे इमारतीला बाहेरून लावलेल्या पेट घेणाऱ्या आवरणाचा, प्रश्न उभा राहिला, चांगल्या फ्लॅटांचं व्हॅल्युएशन बँका शून्य पौंड करायला लागल्या. शहरात नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलेले आपले आयटीवाले कितीतरी जण त्यात सापडले. म्हणजे ही परिस्थिती फक्त उधळ्या माणसावर येते असं अजिबात नाही.

आता मुख्य मुद्दा. बँकरप्सीत तुमच्या घरावर दोन वेगळ्या पार्ट्यांची नजर असते आणि दोघांचे नियम वेगळे आहेत, पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे म्हणून ती पक्की लक्षात घ्या.

पहिली पार्टी म्हणजे मॉर्गेज देणारी बँक. तिचं कर्ज घरावर तारण आहे, त्यामुळे बँकरप्सीने तिचा हक्क जरासुद्धा हलत नाही. तुम्ही हप्ता भरत राहिलात तर बँक सहसा काही करत नाही, तिला घर विकून तोटा सोसण्यात रस नसतो. हप्ता थांबवलात तर ती कोर्टात जाऊन घराचा ताबा मागू शकते, बँकरप्सी असो वा नसो. सेकंड चार्ज म्हणजे घरावर घेतलेलं दुसरं कर्ज असेल, किंवा ज्याचे तुम्ही पैसे लागता अशा एखाद्या घेणेकऱ्याने आधीच कोर्टातून घरावर चार्जिंग ऑर्डर, म्हणजे त्याचं कर्ज घरावर चढवणारा आदेश, आणली असेल, तर तेही याच रांगेत बसतात.

दुसरी पार्टी म्हणजे ट्रस्टी. बँकरप्सी झाली की सुरुवातीला सरकारी ऑफिशियल रिसीव्हर हाच ट्रस्टी असतो आणि घरातला तुमचा हिस्सा, ज्याला इथे बेनिफिशियल इंटरेस्ट म्हणतात, त्याच दिवशी आपोआप त्याच्याकडे जातो. सही लागत नाही, काही नाही. त्याचं काम म्हणजे तुमची मालमत्ता विकून क्रेडिट कार्डवाले, पर्सनल लोनवाले, एचएमआरसी (टॅक्स खातं) अशा सगळ्यांना जमेल तितकं वाटणं. पण निगेटिव्ह इक्विटीचं घर विकून त्याच्या हाती काय येणार? सगळे पैसे मॉर्गेजवाली बँक घेऊन जाणार. म्हणून ट्रस्टीला आज त्या घराचा काही उपयोग नसतो. कायद्यातही तशी सोय आहे: मॉर्गेज आणि विक्रीचा खर्च वजा करून तुमच्या हिश्श्याची किंमत १,००० पौंडांपेक्षा कमी भरत असेल तर ट्रस्टीने विक्रीसाठी, ताब्यासाठी किंवा घरावर चार्ज बसवण्यासाठी अर्ज केला तरी कोर्टाने तो फेटाळायचा असतो.

इथपर्यंत वाचून लोक निर्धास्त होतात, आणि खरा धोका इथूनच सुरू होतो. आज उपयोग नाही याचा अर्थ हिस्सा तुम्हाला परत मिळाला असा होत नाही. तो ट्रस्टीकडेच असतो आणि त्याच्याकडे ३ वर्षं असतात. एंटरप्राइझ अ‍ॅक्ट २००२ ने इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टमध्ये हा नियम घातला आणि एप्रिल २००४ पासून तो लागू आहे. त्याआधी मुदतच नव्हती, माणूस बँकरप्सीतून सुटून कितीतरी वर्षं लोटल्यावर, घरांचे भाव चढल्यावर ट्रस्टी दारात उभा राहायचा. आता ३ वर्षांच्या आत ट्रस्टीने तुमच्या हिश्श्याची विक्री केली नाही, विक्रीसाठी, ताब्यासाठी किंवा चार्जसाठी कोर्टात अर्ज केला नाही, किंवा तुमच्याशी पैशांचा करार केला नाही, तर हिस्सा आपोआप तुमच्याकडे परत येतो.

यात एक पोटनियम आहे. घरात तुमचा हिस्सा आहे हे ट्रस्टीला बँकरप्सीपासून ३ महिन्यांच्या आत कळवावं लागतं. नाही कळवलं तर ३ वर्षांचं घड्याळ त्याला कळेल त्या दिवसापासून चालू होतं. म्हणजे लपवाछपवी करून मुदत आपणच लांबवून घेतो, आणि वर तो गुन्हाही आहे.

आता आकड्यात बघू. समजा नवरा-बायकोचं जॉइंट घर आहे, आजची किंमत २ लाख ३० हजार पौंड, मॉर्गेज बाकी २ लाख ४५ हजार, म्हणजे १५ हजार निगेटिव्ह. नवरा बँकरप्ट झाला. ट्रस्टीने कागद बघितले आणि फाइल बाजूला ठेवली. दोघं इमानदारीने हप्ते भरतायत, अडीच-पावणेतीन वर्षांत मॉर्गेज २ लाख ३६ हजारावर आलं आणि तेवढ्यात भाव चढून घर २ लाख ६२ हजाराचं झालं. आता २६ हजार इक्विटी आहे. विक्रीचा खर्च ६ हजार धरला तर २० हजार, त्यातला नवऱ्याचा अर्धा हिस्सा म्हणजे १० हजार, आणि हे १० हजार ट्रस्टीच्या मालकीचे. बाजार चढला त्याचा फायदा त्याचा, आणि तुम्ही पोटाला चिमटा घेऊन मुद्दल फेडलंत त्याचाही फायदा त्याचाच. मुदत संपायच्या आत तो पत्र पाठवणार, पैसे द्या नाहीतर विक्रीचा अर्ज करतो. मुलं आहेत, शाळा जवळ आहे, हे सगळं कोर्ट ऐकतं, पण बँकरप्सीला १ वर्ष उलटून गेल्यावर घेणेकऱ्यांचं हित सर्वांत वरचं असं कोर्ट धरून चालतं, अगदीच असाधारण परिस्थिती असेल तरच अपवाद.

आणि याच्या जोडीला सगळ्यात मोठा गैरसमज डिस्चार्जचा. साधारण १२ महिन्यांनी तुम्ही बँकरप्सीतून डिस्चार्ज होता, बहुतेक कर्जं माफ होतात, माणसाला वाटतं सुटलो. कर्जातून सुटलात हे खरं. घराचा हिस्सा मात्र सुटलेला नसतो, त्याची ३ वर्षं वेगळी चालू असतात. वर्षभराने डिस्चार्ज झाला म्हणून आनंदात नवीन किचन बसवणारी, लॉफ्टमध्ये खोली काढणारी माणसं असतात, त्यांनी हे आधी वाचावं असं मनापासून वाटतं, कारण ती वाढवत असलेली किंमत ट्रस्टीच्या खात्यात पडू शकते.

मग करायचं काय? उपाय अगदी साधा आहे आणि पुष्कळांना माहीतच नसतो. घर निगेटिव्ह आहे तेव्हाच तो हिस्सा ट्रस्टीकडून विकत घ्यायचा. किंमत असते इक्विटीवर, आणि इक्विटीच नाही म्हणजे किंमत नाममात्र, पुष्कळदा १ पौंड, वर वकिलाचा कागदपत्रांचा खर्च. घर नव्हे, फक्त तुमचा हिस्सा. मॉर्गेज आहे तसंच राहतं. एकदा हा व्यवहार झाला की पुढे घराचे भाव कितीही चढोत, ट्रस्टीचा संबंध संपला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घर ठेवायचं ठरलं असेल तर ३ वर्षं श्वास रोखून बसण्यापेक्षा पहिल्या काही महिन्यांतच ऑफिशियल रिसीव्हरला लिहून विचारा, की हिस्सा विकत घ्यायचाय, किती रक्कम. सोबत दोन कागद लागतात: बँकेकडून मॉर्गेजची आजची नेमकी बाकी आणि घराच्या किमतीचा पुरावा, म्हणजे एस्टेट एजंटची लेखी व्हॅल्युएशन. गल्लीतलं शेजारचं घर गेल्या वर्षी कितीला गेलं यावर भांडत बसू नका, लेखी आकडा द्या.

विकत घेणार कोण हा प्रश्न येतो. बँकरप्ट माणसाने स्वतः डिस्चार्जच्या आधी काही विकत घेतलं तर ते परत ट्रस्टीच्या कक्षेत येऊ शकतं, म्हणून सहसा बायको, नवरा, भाऊ, आई किंवा मित्र घेतात. जॉइंट मालक घेत असेल तर सगळ्यात सुटसुटीत. भावाने घेतलं तर मात्र लक्षात ठेवा, तो हिस्सा आता खरोखर त्याचा झाला. उद्या त्याचा घटस्फोट झाला, तोच कर्जात गेला, किंवा दोघांत बिनसलं, तर तुमचं घर त्याच्या भानगडीत अडकतं. आपल्याकडे "भाऊच आहे, कागद कशाला" म्हणतात, इथे कागद कराच. कोणाच्या पैशाने घेतलं, हिस्सा नेमका कोणाचा, पुढे तो कोणाच्या नावावर करायचा, हे सगळं सॉलिसिटरकडून लिहून घ्या.

जॉइंट घराबद्दल आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे बँकरप्सी झाली की जॉइंट टेनन्सी (दोघांची एकत्र मालकी) आपोआप तुटते आणि दोघांचे हिस्से वेगळे होतात, त्यामुळे एक गेला तर त्याचा हिस्सा थेट दुसऱ्याला मिळेल हे गृहीत धरता येत नाही. दुसरी जास्त बोचणारी: मॉर्गेज दोघांच्या नावावर असेल तर दुसऱ्यावर अर्धं नाही, पूर्ण मॉर्गेजची जबाबदारी राहते. नवरा बँकरप्ट होऊन मोकळा झाला तरी बँक बायकोकडे सगळेच्या सगळे पैसे मागू शकते. जॉइंट पर्सनल लोनचंही तेच. म्हणून एकट्याने अर्ज भरायच्या आधी घरात बसून दोघांनी सगळी कर्जं कागदावर मांडा, कुठल्या कर्जावर कोणाची सही आहे ते बघा, मग ठरवा.

एक अगदी व्यावहारिक गोष्ट, जिच्यामुळे चांगली चाललेली केस बिघडते. बँकरप्सी झाली की तुमचं बँक अकाउंट बहुधा गोठवलं जातं. मॉर्गेजचा डायरेक्ट डेबिट त्याच अकाउंटवरून जात असेल तर तो बाउन्स होतो, आणि पैसे असूनही तुम्ही थकबाकीदार दिसता. अर्ज टाकायच्या आधी दुसऱ्या बँकेत, जिचे तुम्ही काही लागत नाही अशा बँकेत साधं बेसिक अकाउंट उघडा, पगार तिकडे वळवा, मॉर्गेज, कौन्सिल टॅक्स, आणि फ्लॅट असेल तर सर्व्हिस चार्ज सगळं तिथून चालू करा. फ्लॅटवाल्यांनी सर्व्हिस चार्ज आणि ग्राउंड रेंट थकवू नकाच, तिथे लीजच धोक्यात येऊ शकते आणि मग इक्विटीचा हिशोब करून काही उपयोग नाही.

हप्ता भरायला पैसे उरतील का? ऑफिशियल रिसीव्हर तुमचं उत्पन्न-खर्च बघतो, वाजवी मॉर्गेज हा घरखर्चच धरला जातो. सगळा खर्च जाऊन काही उरत असेल तर तो जास्तीत जास्त ३ वर्षं दरमहा मागू शकतो. अर्जाची फी ६८० पौंड, अर्ज ऑनलाइन, फी हप्त्यांनी भरता येते पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज जात नाही. आणि हो, बँकरप्सी चालू असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय लिमिटेड कंपनीचं डायरेक्टर राहता येत नाही, स्वतःची कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्यांनी हे आधी बघायचं.

आता एक नाजूक प्रश्न, की हे घर ठेवायचंच का? घर म्हटलं की आपला जीव अडकतो, समाजात काय म्हणतील हा विचार येतो, पण इथे थंड डोक्याने बघायला हवं. तेवढ्याच घराचं त्याच भागात भाडं किती आणि तुमचा हप्ता किती? हप्ता भाड्याच्या आसपास असेल, मुलांची शाळा तिथे असेल, तर ठेवा. पण हप्ता भाड्याच्या दीडपट आहे, फिक्स्ड रेट संपत आलाय, घर ४० हजाराने निगेटिव्ह आहे, तर सोडून देण्याची हीच सगळ्यात स्वस्त वेळ आहे. कारण घर विकून जी तूट राहते ती मॉर्गेज तुम्ही बँकरप्सीच्या आधी घेतलेलं असल्यामुळे बँकरप्सीच्या कर्जात धरली जाते, विक्री नंतर झाली तरी. फक्त मध्ये बँकेबरोबर नवीन करार करून ती तूट पुन्हा अंगावर घेऊ नका, बँकेने कुठला नवीन कागद सहीला पाठवला तर आधी कुणा जाणकाराला दाखवा. तसंच ठेवलेलं घर रिमॉर्गेज करणं, म्हणजे मॉर्गेज दुसऱ्या बँकेकडे नेणं, अवघड जातं, बँकरप्सी क्रेडिट फाइलवर ६ वर्षं दिसते, त्यामुळे फिक्स्ड संपल्यावर स्वतःची बँक जो रेट देईल तो घ्यावा लागतो, ते धरून हिशोब करा.

आणि आता तो विषय ज्याबद्दल आपली माणसं बोलतच नाहीत. इंग्लंडमधल्या बँकरप्सीत तुमची जगभरातली मालमत्ता येते, फक्त यूकेमधली नाही. पुण्यातला फ्लॅट, नाशिकचा प्लॉट, बँकेतली एफडी, आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं नावसुद्धा. म्हणजे असं होऊ शकतं की लूटनचं निगेटिव्ह घर सहज वाचलं आणि कोथरूडचा कर्ज फिटलेला फ्लॅट ट्रस्टीने मागितला. भारतात फ्लॅट असेल तर बँकरप्सी तुमच्यासाठी योग्य रस्ता आहे का हेच आधी तपासा.

गावाकडच्या जमिनीचं तर फारच जपून. वडिलांच्या पश्चात आई आणि तीन भावंडांची नावं लागलीत, वाटप झालेलं नाही, उत्पन्न काही येत नाही, "ती काय आपली म्हणायची" असं वाटतं, तरी कागदावर तुमचा हिस्सा आहे आणि तो फॉर्ममध्ये लिहायचा. बँकरप्सीच्या भीतीने घाईघाईत भावाच्या नावे हक्कसोड करून दिलंत तर ते उलटतं, आधीच्या ५ वर्षांत फुकट किंवा कमी किमतीत दिलेली मालमत्ता ट्रस्टी तपासू शकतो आणि व्यवहार उलटवण्यासाठी कोर्टात जाऊ शकतो. नातेवाइकाचे उसने पैसे बाकीच्यांच्या आधी फेडलेत तर मागची २ वर्षं तपासली जातात. म्हणजे "बँकेचं राहू दे, आधी मेव्हण्याचे देऊन टाकू" हा आपला संस्कार इथे मेव्हण्यालाच अडचणीत आणतो. डिस्चार्जच्या आधी वारसाहक्काने काही मिळालं तरी २१ दिवसांत कळवायचं असतं. खरं सांगा आणि सोबत स्पष्टीकरण द्या, की जमीन अविभाजित आहे, बाजारात हिस्सा विकणं अवघड आहे, भावंडं हिस्सा विकत घ्यायला तयार आहेत, असं असेल तर तोडगा निघू शकतो. लपवलेलं सापडलं तर डिस्चार्जच लांबतो, वर फौजदारी.

बाकीचे पर्याय थोडक्यात: आयव्हीए म्हणजे ५-६ वर्षांचा हप्त्यांचा करार, घराची विक्री सहसा टळते पण काळ लांब. डेट रिलीफ ऑर्डर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा कर्जमाफीचा आदेश, घरमालकांना सहसा मिळत नाही. आणि नुसता श्वास घ्यायला वेळ हवा असेल तर ब्रीदिंग स्पेस नावाची ६० दिवसांची सवलत आहे, त्यात मॉर्गेजचा चालू हप्ता मात्र भरायचाच. सल्ल्यासाठी स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस हे तिन्ही फुकट आहेत. फेसबुकवर जाहिरात करून "तुमचं ८० टक्के कर्ज माफ" म्हणणाऱ्यांना फोन करू नका, कळकळीने सांगतोय.

शेवटचं, कागदाचं काम. बँकरप्सी झाल्यावर लँड रजिस्ट्रीत घराच्या टायटलवर नोंद लागते. हिस्सा विकत घेतलात किंवा ३ वर्षं पूर्ण होऊन तो परत आला, तरी नोंद गेली का ते स्वतः बघा, नाहीतर ऐन विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील ती काढून दाखवतो आणि व्यवहार आठवडे-महिने अडतो. टायटल रजिस्टरची कॉपी ऑनलाइन मिळते. नोंद दिसली तर बँकरप्सीचा रेफरन्स नंबर आणि तारीख घालून ऑफिशियल रिसीव्हरच्या ऑफिसला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर घराच्या कागदांत जपून ठेवा.